औदुंबराची पेनं

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या चाळीत देवघर, मोरी, स्वयंपाकघर आणि लेथ अशा चार गोष्टी एकाच खोलीत होत्या, आणि मानाचा क्रम लावायचा तर लेथ पहिला. देवाला सकाळी एकदा फूल वाहिलं की तो दिवसभर काही मागत नसे. लेथला मात्र तेल लागे, फडकं लागे, पट्टा सैल झाला की आईच्या शिव्या लागत. अप्पा एका कारखान्यात टर्नर होते. दिवसभर लोखंड कातून घरी आलेला हा माणूस विरंगुळा म्हणून काय करी, तर लाकूड कातत बसे. आई म्हणे, हलवाई कधी घरी येऊन लाडू वळत बसत नाही, आमच्याच घरी ही तऱ्हा. लेथ त्यांनी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका भंगारवाल्याकडून हातगाडीवर घालून आणला होता. तो सुरू झाला की चाळीतल्या सगळ्या रेडिओंना खरखर सुटे. बातम्यांच्या वेळी कोणी काही बोलत नसे, पण गाणी लागली की भिंतीवर थापा पडत.

अप्पा पेनं करत. साधी रिफिलची, पण अंग लाकडाचं आणि वर आटे पाडून बसवलेलं फिरकीचं झाकण. लाकूड म्हणजे तरी काय, जे हाताला लागेल ते. चिंच, बाभूळ, फणस, माडाचं काळं-तांबडं रेघांचं खोड, बारवीच्या जंगलाकडून मोळी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्याने दिलेलं खैराचं मूळ. शिवाय करवंटी, म्हशीचं शिंग, आणि एकदा तर मक्याचं वाळलेलं कणीस. शिंग कातायला घेतलं की जळक्या केसांसारखा वास सुटायचा. गुरुवारी आईचा उपास असे, आणि अप्पांना शिंगाची आठवण नेमकी गुरुवारी होई. भुसा सगळीकडे जाई. आमच्या आमटीला चिंचेची चव असे ती चिंच घातल्यामुळे, का चिंच कातल्यामुळे, हे आम्ही कधी विचारलं नाही. सुकट भाजायची असली की आई तव्यावर परात झाकून भाजायची, आणि परात काढली की सगळ्यांच्या आधी अप्पा वाकून बघायचे. त्यांना त्या परातीवरच्या धुळीतून लाकूड ओळखता येई. आई ते बघून कपाळाला हात लावी.

परवा बदलापूरला एका प्रदर्शनात हाताने केलेली पेनं बघितली. दाढीवाला एक तरुण होता. त्याच्या टेबलावर गोणपाटाचं कापड, त्यावर पेनं, आणि प्रत्येक पेनापुढे त्याची कहाणी छापलेलं जाड कार्ड. कुठल्याशा शंभर वर्षांच्या दिवाणखान्याच्या तुळईचं लाकूड म्हणे. मी एक उचललं, नाकाशी नेलं, आणि म्हटलं, बाळा, हे आंब्याचं आहे, खोक्याच्या फळीचं. तो म्हणाला, आजी, लोकांना स्टोरी लागते. मी पेन खाली ठेवलं. त्याला बोलायचा अधिकार मला नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेच आज लिहायचं आहे.

आमच्या घरी कार्डं नव्हती, चिठ्ठ्या होत्या. अप्पांचा एक नेम होता. प्रत्येक पेनाच्या पुडीत लाकडाचं खरं नाव लिहिलेली बोटभर चिठ्ठी जायची. माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे. 'बाभूळ'. 'करवंटी'. 'म्हशीचं शिंग, डावं', कारण अप्पांना डावं-उजवंसुद्धा महत्त्वाचं वाटे. ही पेनं कॅम्प चारला किशनचंद शेठच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात विकायला असत. शेठ माणूस प्रेमळ, पण चिठ्ठी बघितली की त्याच्या पोटात दुखे. "साईं, 'चिंच' लिखा देखके कौन लेगा? इंपोर्टेड लिखो ना कुछ," असं तो दर खेपेला म्हणायचा. अप्पा म्हणायचे, चिठ्ठीत लिहिलंय ते हातात असलं पाहिजे, नाहीतर माझी पेनं परत द्या. शेठ परत देत नसे. चिंचेची पेनं तो तोंडाने काय सांगून विकत होता ते देव जाणे.

मी तेव्हा अकरावीत होते आणि माझा जीव त्या लेथवर होता. आईला दोन भीती होत्या, एक म्हणजे वेणी पट्ट्यात अडकेल, आणि दुसरी, वेणी शाबूत राहूनही लेथवाल्या मुलीला कोणी करून घेणार नाही. अप्पांनी पहिल्या भीतीवर उपाय केला. डोक्याला घट्ट फडकं, हातात बांगडी नाही, ओढणी नाही. दुसरीवर त्यांच्याकडे उपाय नव्हता. त्यांची नजर उतरत चालली होती आणि झाकणाचे आटे त्यांच्याहून मला चांगले जमू लागले होते, हे आम्हा दोघांना कळत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. आटे पाडायचे, लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवून चमक आणायची, एवढंच माझं काम. अख्खं पेन सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी एकटीने करायचं, हे अप्पांनी अजून दिलं नव्हतं. मला दुसरं काहीच नको होतं.

गल्लीच्या टोकाला दत्ताचं छोटं देऊळ आणि त्याच्यासमोर भलाथोरला उंबर. गल्लीचं एक उत्सव मंडळ होतं आणि त्याला एक अध्यक्ष होते. त्यांना स्वतःचं नावही होतं, पण ते लग्नपत्रिकेखेरीज कुठे वापरात नव्हतं. त्यांची बायकोसुद्धा 'अध्यक्ष जेवायला बसलेत' असं सांगे. अध्यक्षांच्या मनात आलं की एवढ्या पवित्र झाडाला साधा मातीचा पार शोभत नाही. मग सिमेंटचा कट्टा झाला, त्यावर पांढऱ्या फरश्या झाल्या, आणि देणगीदारांची नावं कोरलेली पाटी नीट बसावी म्हणून आड येणारी दोन जाड मुळं तोडली गेली. उद्घाटनाला नारळ फुटला. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी, वारा नाही वावटळ नाही, झाड कट्ट्यासकट आडवं झालं. नशिबाने खाली कोणी नव्हतं. अध्यक्षांनी लाउडस्पीकरवरून सांगितलं की वृक्षाने आपलं अवतारकार्य पूर्ण केलं आहे.

आता पंचाईत अशी की उंबर चुलीत जाळायचा नसतो. ओंडके नगरपालिकेला नेऊ द्यायचे नाहीत, आणि देवळापुढे ठेवले तर पालखी जात नाही. अध्यक्षांना रस्ता सापडला. दत्तजयंतीच्या सत्काराला दरवर्षी शाल आणि श्रीफळ, यंदा त्यासोबत औदुंबराच्या लाकडाचं पेन. अप्पा त्यांना समजवायला गेले. उंबराचं लाकूड मऊ, विहिरीत घातलं तर पाण्यात वर्षानुवर्षं टिकेल, पण आटे धरणार नाही, आणि हे तर अजून चिकाने ओलं आहे, दोन वर्षं सावलीत पडू द्या. अध्यक्ष म्हणाले, दत्तजयंती दोन वर्षं थांबेल का? अप्पांनी एक फांदी आणली, चार दिवस प्रयत्न केले. लाकूड टूलखाली कातलं जाण्याऐवजी उसासारखं तंतू काढत होतं. झाकण फिरवलं की आटे पिठासारखे गळत. त्यात गावाहून निरोप आला की त्यांची आत्या अत्यवस्थ आहे. अप्पांनी पिशवी भरली आणि निघताना मला सांगितलं, अध्यक्षांना जाऊन सांग, होत नाही म्हणून. लेथला हात लावायचा नाही हेही सांगितलं.

मी गेले. अध्यक्ष कार्यकर्त्यांना सत्काराची पत्रिका वाचून दाखवत होते आणि त्यात अप्पांचं नाव छापलेलं होतं, 'पवित्र औदुंबराची लेखणी घडवणारे कुशल कारागीर' असं. मी म्हटलं, अप्पांनी सांगितलंय की होत नाही. ते म्हणाले, "पोरी, होत नाही हा शब्द आमच्या मंडळात नाही. गल्लीत तुझ्या बापाची अब्रू आता छापून झालेली आहे." मी घरी आले. आजवर हे सांगताना मी नेहमी म्हणत आले की अप्पांची अब्रू वाचवायला मी ते केलं. ते निम्मंच खरं. निम्मं हे की घरात लेथ होता, अप्पा नव्हते, आणि अख्खं पेन करायला मला कोणीतरी छापील कारण दिलं होतं.

लाकूड हवं होतं, सुकलेलं, आटे धरणारं. चाळीच्या मागे आमचे सामाईक संडास होते. त्यांची जुनी सागवानी दारं नगरपालिकेने त्याच आठवड्यात काढून पत्र्याची बसवली होती. संडास साफ करायला शेवंताबाई येई. तिने त्यातल्या दोन फळ्या चुलीसाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या. मी एक मागितली. तिने कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, अप्पांना हवी आहे. तिने जाडशी फळी निवडली, हिरव्या रंगाचे पोपडे स्वतःच्या नखाने खरवडून काढले आणि माझ्या हातात दिली. वर्षानुवर्षं पाणी खाऊन आणि वाळून ते सागाचं लाकूड असं कणखर झालं होतं की त्यावर टूल लागताच एकसंध किस सुटला. आईला मी सांगितलं की उंबराचीच सुकी फांदी मिळाली. आई लेथच्या बाबतीत कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार असे, फक्त तो लवकर बंद व्हावा एवढंच तिचं मागणं. उंबर आतून कसा दिसतो हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. पेनं सुंदर झाली. इतकी सुंदर की ती करताना मी काय करते आहे हे मी पार विसरले. मग पुड्या बांधल्या, आणि चिठ्ठ्या लिहायला बसले. पहिल्या चिठ्ठीवर 'औ' काढला आणि हात थांबला. थांबला एवढंच. मग सगळ्या लिहिल्या.

अप्पा परतले ते थेट सत्काराच्या संध्याकाळी. एसटीतून उतरून गल्लीत शिरले, आणि घर गाठायच्या आत कार्यकर्त्यांनी त्यांना हाताला धरून व्यासपीठावर नेऊन बसवलं. मी बायकांत, चौथ्या रांगेत. पेनं वाटली गेली. ज्याला मिळे तो आधी ते कपाळाला लावी. एका निवृत्त हेडमास्तरांनी सांगितलं की हातात घेताच कंप जाणवला. एका बाईंनी वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, गाभाऱ्यात आल्यासारखं वाटतं. प्रमुख पाहुणे कुठल्याशा खात्यातले बडे साहेब होते, त्यांना विचार करताना पेनाचं टोक तोंडात धरायची सवय. बाकीची भाषणं होईपर्यंत त्यांनी खूप विचार केला. मला हसू येत नव्हतं. शेवटी 'सफाईसेवा' म्हणून शेवंताबाईलाही वर बोलावलं. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला. पेन तिच्या यादीत नव्हतं. खाली उतरताना तिने साहेबांच्या तोंडातलं पेन बघितलं, मग मान वळवून बायकांत मला शोधलं.

अप्पांनी आपल्या वाट्याची पुडी उघडली. चिठ्ठी वाचली. झाकण फिरवून काढलं, आटे नखाने तपासले, पेन नाकाशी नेलं. मग त्यांनी सभेत मला शोधलं नाही, खाली आपल्या चपलांकडे बघत राहिले. उठून माइकपाशी गेले. भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"हे उंबराचं लाकूड नाही," ते म्हणाले. "जुना साग आहे. उंबर आटे धरत नाही, मी आधीच सांगितलं होतं. माझ्या घरून चूक झाली. पेनं मला परत द्या."

मग अध्यक्षांनी माइक घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता. "बंधुभगिनींनो, ह्या कारागिरानं स्वतः सांगितलं की औदुंबर आटे धरत नाही. ते मऊ लाकूड सागासारखं कठीण झालं, हे मी तुम्हाला सांगायला नको कुणाच्या कृपेनं झालं." टाळ्यांनी मंडप हादरला. अप्पा हातवारे करत काहीतरी सांगत होते, पण माइक अध्यक्षांकडे होता. कोणीतरी अप्पांच्या पाया पडलं.

घरी आल्यावर त्यांनी एकच विचारलं, साग कुठला. मी सांगितलं. आईने तोंडाला पदर लावला. तो हसू दाबायला होता की रडू, ते आजही मला नक्की सांगता येणार नाही. अप्पा मला मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पलंगावरची चादर काढली, लेथवर घातली, चारी टोकं खाली खोचली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुढचे कित्येक दिवस ते कामावरून आले की हातपाय धुऊन बाहेर पडत आणि पेन मिळालेल्या एकेकाच्या दारात जाऊन सांगत, ते सागाचं आहे, संडासाच्या दाराचं आहे, परत द्या, पाया पडतो. लोक त्यांना पाटावर बसवून चहा देत. हेडमास्तर म्हणाले, एवढी विरक्ती बरी नव्हे. गाभाऱ्यातल्या बाईंनी पेन देव्हाऱ्यात ठेवलं होतं, त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. त्यांनी दोन्ही कान हातांनी झाकून घेतले आणि असं अभद्र बोलू नका म्हणून सांगितलं. किशनचंद शेठ तर कॅम्प चारहून रिक्षा करून आमच्याकडे आला. "साईं, झूठ सच छोडो, माल कितना है?" अप्पांनी लेथवरच्या चादरीकडे बोट दाखवलं. एकही पेन परत आलं नाही. अप्पा माझ्याशी बोलत नव्हते, म्हणजे जेवण वाढ, दिवा लाव, एवढं बोलत. मी अभ्यासाची वही काढून बसे आणि एक अक्षर लिहीत नसे. लेथ आता माझ्या वाट्याला कधी येणार नाही हे मला कळून चुकलं होतं, आणि ते बरोबरच आहे हेही कळत होतं. तो दुसरा भाग जास्त दुखत होता.

मग एका रविवारी शेवंताबाई आली. दाराबाहेर उभी राहिली. तिला 'आत ये' असं आमच्या घरात कधी कोणी म्हटलेलं मला आठवत नाही, आणि त्या दिवशी मीही म्हटलं नाही. आज लिहिताना त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तिच्या काखेत दुसरी फळी होती, चुलीसाठी ठेवलेली.

"अप्पा," ती म्हणाली, "त्या संडासाच्या दाराचं पेन मला पन एक करून द्या."

अप्पा उठून दारात गेले. इतक्या दिवसांत त्या पेनाला त्याच्या नावाने हाक मारणारं हे पहिलं माणूस. त्यांनी विचारलं, तुला त्या दिवशीच कळलं होतं? कळलं होतं म्हणाली. मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर मलाच बोलले असते सगळे. अप्पांनी पेन कशाला हवं विचारलं. तिने सांगितलं की ती आता हजेरीच्या मस्टरवर अंगठा नाही देत, सही करते, मुलीने शिकवली. पण सहीला मुकादमाचं पेन मागावं लागतं. "देतो तो. नाय म्हनत नाय. पन मी परत दिलं का फडक्यानं पुसून ठेवतो."

अप्पांनी तिच्याकडून फळी घेतली. मग आत आले, चादर काढली, ती फळी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "बस. अख्खं तूच कर." मी डोक्याला फडकं बांधलं. अप्पा बाजूला उभे राहिले आणि त्यांनी टूलला हात लावला नाही, एक शब्द सांगितला नाही. लेथ सुरू झाल्यावर रेडिओ खरखरले, भिंतीवर थापा पडल्या. शेवंताबाई बाहेर उकिडवी बसून फळीचं पेन होताना बघत होती. चमक आणून झाल्यावर मी चिठ्ठी लिहायला घेतली, तर ती म्हणाली, ती नको, मला म्हाईत हाय कशाचं हाय ते.

तिने पेन हातात घेतलं. झाकण फिरवून काढलं, पुन्हा लावलं, ओढून बघितलं.

"बसलं," ती म्हणाली. "दार होतं तवा एक दिस नीट लागलं नाय. कडी कवाच मोडली होती. बाया आत असल्या का मी भाईर धरून उभी ऱ्हायची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यासाठी पन धरलंय कितींदा. तू आतून वरडायचीस, सोडू नको म्हनून."

मला ते आठवत नव्हतं. आताही आठवत नाही.